न पेटलेला लाल दिवा

जुलै महिना, रात्रीचे साडेआठ. चिपळूणहून कराडकडे निघालो होतो आणि कुंभार्ली घाटात पावसाने गाठलं. घाट चढून वर आलो तेव्हा वायपर जडावल्यासारखे वाटले. मग हेडलाइट पिवळे पडत गेले. हॉर्न दाबला, तर घसा बसल्यासारखा आवाज. कोयनानगरच्या अलीकडे इंजिन दोनदा अडखळलं आणि थांबलं. सेल्फ मारला, तर नुसतं 'टक्'. बाहेर मिट्ट काळोख आणि मागच्या सीटवर ऐंशी वर्षांची आई.

बॅटरी तीन महिन्यांपूर्वीच घेतलेली होती. त्याआधीची जेमतेम आठ महिने टिकली होती. त्या रात्री एका ट्रकवाल्याने ओढून आम्हाला वस्तीपर्यंत आणलं. पडल्या पडल्या मी एकाच प्रश्नापाशी अडलो होतो: दोन्ही बॅटऱ्या वाईट कशा निघतील? उत्तर मिळायला पंधरा दिवस लागले. दोन्ही बॅटऱ्या चांगल्याच होत्या. चुकत होता तो मी.

गाडीतल्या विजेचा व्यवहार आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या पाण्यासारखा असतो. बॅटरी म्हणजे रांजण आणि अल्टरनेटर म्हणजे रोज पाणी भरणारा माणूस. सकाळी सेल्फ मारताना रांजणातून एकदम मोठी उपसा होते. पण इंजिन चालू झालं, की दिवे, वायपर, पंखा, इग्निशन या सगळ्यांचा खर्च अल्टरनेटरने भागवायचा आणि वर रांजणही भरून ठेवायचा. रांजण रिकामा दिसला म्हणून तो फुटका ठरत नाही. कदाचित पाणी भरणाराच आला नसेल.

घाटातल्या त्या रात्रीचा हिशोब मी नंतर मांडला. माझ्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दोन हेडलाइट प्रत्येकी ५५ वॉटचे, म्हणजे बारा व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर. वायपर, काच पुसट होऊ नये म्हणून लावलेला पंखा, मागचे दिवे आणि इग्निशन कॉइल धरले, की बेरीज २० अँपिअरच्या आसपास जाते. पूर्ण भरलेली बॅटरीही कागदावर पावणेदोन तास पुरेल. प्रत्यक्षात व्होल्टेज त्याच्या बरंच आधी ढासळतं. दिवसा, कोरड्या हवेत हीच गाडी कित्येक तास काही न कळता चालली असती. म्हणून अल्टरनेटरचा आजार बहुधा रात्री, पावसात आणि नको त्या ठिकाणी उघडा पडतो.

अल्टरनेटर आजारी कसा पडतो हे कळायला त्याची घडण माहीत हवी. १८३१ साली मायकेल फॅरेडेने दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकाची हालचाल झाली, की तारेत वीज उपजते. जुन्या मोटारींतल्या डायनमोमध्ये वेटोळं फिरायचं, चुंबक स्थिर असायचा. सगळी वीज फिरत्या भागातून कार्बन ब्रशांच्या मार्फत बाहेर काढावी लागायची. ब्रश झिजत, ठिणग्या उडत आणि गाडी सिग्नलला उभी असताना डायनमो जवळपास काहीच देत नसे. अल्टरनेटरने हे उलटं केलं. फिरतो तो विद्युतचुंबक आणि स्थिर राहतात ती तीन वेटोळी. त्यातून निघते ती दिशा पालटणारी एसी वीज. बॅटरीला ती चालत नाही, म्हणून डायोड बसवून तिला एकाच दिशेने वळवावं लागतं. स्वस्त आणि टिकाऊ सिलिकॉन डायोड हाती आल्यावरच हे मोटारीत शक्य झालं. क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि पुढे डायनमो मागे पडत गेला.

ब्रश मात्र पुरते गेले नाहीत. फिरत्या चुंबकाला चेतवायला थोडा प्रवाह लागतो, फार तर काही अँपिअर. तो दोन छोट्या कार्बन ब्रशांतून, गुळगुळीत तांब्याच्या कड्यांवरून जातो. काम हलकं, म्हणून हे ब्रश वर्षानुवर्षं टिकतात. पण झिजतातच.

आता डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे येऊ. बॅटरीचं चित्र असलेला हा दिवा 'बॅटरी खराब' असं सांगत नाही. माझ्या गाडीसारख्या अनेक जुन्या गाड्यांत त्याची एक बाजू किल्लीमार्फत बॅटरीला आणि दुसरी अल्टरनेटरला जोडलेली असते. किल्ली लावली, की बॅटरीतून दिव्यावाटे, ब्रशांवाटे चुंबकाच्या वेटोळ्यात थोडा प्रवाह जातो. दिवा लागतो आणि त्याच प्रवाहाने चुंबक जागा होतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला, की दिव्याच्या दोन्ही बाजूंचं व्होल्टेज सारखं होतं आणि दिवा विझतो.

म्हणजे दिव्याला बोलण्याच्या दोन वेळा आहेत. इंजिन चालू असताना तो लागला, तर चार्जिंग होत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण किल्ली लावल्यावर, इंजिन बंद असताना तो लागलाच नाही, तर तीही तक्रारच असते. बल्ब गेला असेल, तार तुटली असेल किंवा ब्रश झिजून कड्यांना टेकतच नसतील. माझा लाल दिवा जवळजवळ वर्षभर लागत नव्हता. मी समजत होतो, सगळं ठीक आहे.

गावातल्या वायरिंगच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. "साहेब, नुसती किल्ली लावा," म्हणाले. मग आत डोकावून विचारलं, "लाल दिवा कुठाय?"

"लागत नाही काका, म्हणजे चांगलंच ना?"

ते हसले. "रडणारं पोर जिवंत असतं, साहेब. काळजी गप्प असलेल्याची करायची."

त्यांनी अल्टरनेटरमागची दिव्याची तार काढून तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवलं. लाल दिवा लखकन लागला. म्हणजे बल्ब आणि तार दोन्ही ठीक, वाट तुटली होती ती अल्टरनेटरच्या आत. (ही परीक्षा दिव्याची तार नेमकी कोणती, याची खात्री असेल तरच करावी. शेजारची जाड तार थेट बॅटरीची असते. ती धातूला लागली, तर आग लागायला वेळ लागत नाही.)

तेव्हापासून मी स्वतःसाठी एक क्रम ठरवला आहे आणि तो मोडत नाही. आधी पट्टा पाहायचा: ढिला, चिरलेला, घासून चकाकणारा पट्टा अल्टरनेटरला पुरेसा फिरवत नाही. मग बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि अर्थिंगची पट्टी. त्यानंतर मल्टिमीटर. गाडी चार-पाच तास उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, कारण आत २.१ व्होल्टचे सहा सेल असतात. १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू करून, हेडलाइट आणि पंखा लावून हाच आकडा १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान हवा. तो १२.६च्या खाली घसरत चालला, तर अल्टरनेटर काम करत नाही. १५च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी आतून उकळते आहे. नव्या, संगणकाच्या ताब्यातल्या गाड्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

अल्टरनेटरवर १४.२ आणि बॅटरीवर १३.४ आले, तर दोष मधल्या तारेत किंवा अर्थिंगमध्ये. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांवर मीटर एसीवर लावून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर डायोडची शंका घ्यावी. मात्र काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी म्हणून दाखवतात. म्हणून पिना उलट करून पाहाव्यात, आकडा फार बदलला तर तो मानू नये. फुटका डायोड रात्री उभ्या गाडीतूनही बॅटरी झिरपवतो आणि सकाळी दोष बॅटरीवर येतो.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये. गाडी चालू ठेवून बॅटरीची तार काढायची आणि इंजिन चालत राहिलं तर चार्जिंग ठीक, ही परीक्षा आजही गॅरेजात दिसते. डायनमोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटरमध्ये मात्र त्या क्षणी व्होल्टेजची उसळी येते आणि डायोड, रेग्युलेटर जळू शकतात. परीक्षाच रोग लावून जाते.

माझ्या गाडीवर आकडा आला १२.३ आणि उतरता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच टकटक केलं, तसा मीटर १४.१वर उडाला आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली आला. ब्रश मधूनमधून टेकत होते. खडबडीत रस्त्यावर चार्जिंग होत असणार, गुळगुळीत हायवेवर बंद! उघडल्यावर ब्रश नखाएवढे उरलेले निघाले. नवे ब्रश घातले, कडी बारीक पॉलिश पेपरने साफ केली. मजुरीसह काही शे रुपये.

आधीची बॅटरी मी बदल्यात देऊन टाकली होती. दुकानात लोड लावून पाहिली, तेव्हा ती कमजोर दिसली होती. पण रिकामी बॅटरी त्या परीक्षेत नापासच होते. आधी पूर्ण चार्ज करायची आणि मग तपासायची, एवढं मी त्यांना सांगायला हवं होतं. दुसरी बॅटरी चार्ज करून बसवली. ती चार वर्षं चालली.

आई अजूनही मागच्या सीटवर बसते. मी किल्ली लावली, की सेल्फ मारायच्या आधी तिचा प्रश्न येतो, "लागला का रे लाल दिवा?"

"लागला," म्हणतो, आणि मगच निघतो.