ऊन पाण्याची कुंडे आणि दोन दिवसांचा मुक्काम

चाकणच्या बाजूच्या शाळेतली काही मुले आम्ही एकदा थंडीच्या दिवसांत पालीजवळच्या उन्हेऱ्याला नेली होती. पहाटे कुंडावर वाफ तरंगत होती. एका मुलाने पाण्यात बोट बुडवले आणि विचारले, "गुरुजी, ह्याचा बॉयलर कुठं आहे?" त्याचे वडील कारखान्यात कामाला. ऊन पाणी आले म्हणजे मागे कुठेतरी भट्टी असलीच पाहिजे, एवढे त्याला घरच्या बोलण्यातून ठाऊक होते. प्रश्न रास्तच होता. तेव्हा तो बॉयलर आज आपण शोधू. तुम्हांला मुलांना घेऊन तिथे जायचे झाले तर काय जपावे, तेही पाहू.

आधी नावेच पाहा. रायगड जिल्ह्यात उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, तिकडे जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. ऊन म्हणजे गरम. आपण ऊन-ऊन भात म्हणतो ना, तेच हे ऊन. आपल्या वाडवडिलांनी झऱ्याचा गुण गावाच्या नावातच लिहून ठेवला. शिवाय ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, आणि संगमेश्वराकडे तुरळ व राजवाडी इथेही असे झरे आहेत. नकाशावर ह्या गावांवर टिंबे द्या. उनपदेव सोडला तर बाकीची टिंबे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये, उत्तर-दक्षिण अशी एका ओळीत येतात.

ती ओळ कशाची? जमिनीतल्या भेगांची. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा झाला हे खरे. पण तो रस केव्हाच थंड झाला आहे. तेव्हा कुंडाखाली ज्वालामुखी धुमसतो आहे असे कोणी म्हणाले, तर घाबरू नका. उष्णता येते ती पृथ्वीच्या पोटातून. जमिनीत एक किलोमीटर खोल गेले की उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी भेगांतून झिरपत दीडेक किलोमीटर खाली गेले, की वरचे २७ अंश आणि खालचे ४० अंश मिळून ६५-७० अंश झाले. हे पाणी मोठ्या भेगेतून चटकन वर आले तर ऊन राहते. रेंगाळत आले, किंवा वाटेत गार पाणी मिसळले, तर कोमट होते. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या आसपास असते. उन्हेऱ्याचे त्याहून पुष्कळ सौम्य.

मग चाकणला बोअर मारली तर ऊन पाणी का लागत नाही? हिशेब करा. ३०० फूट म्हणजे जेमतेम ९० मीटर. तेवढ्याने अडीच-तीन अंश वाढणार. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाची गोष्ट निराळी. १८७२ साली राखून ठेवलेले ते जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथे तप्त रस खरोखरच काही किलोमीटरांवर आहे, म्हणून उकळते पाणी कारंज्यासारखे उंच उडते. आपल्याकडे तसे नाही.

आता सहलीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. शनिवारी सकाळची शाळा उरकून तळेगाव, खंडाळ्याचा घाट, खोपोली ह्या वाटेने संध्याकाळपर्यंत पाली गाठता येते. राहुट्या लावायच्या तर ग्रामपंचायतीला आधी विचारा. जागा उंचवट्याची आणि कोरडी निवडा. ओढ्याच्या पात्रात कधीही मुक्काम टाकू नका. धर्मशाळेत उतरलात तरी सहलीची गोडी कमी होत नाही.

प्रयोगशाळेतला तापमापक बरोबर न्या. तापाचा नको, तो फुटेल. शनिवारी संध्याकाळी, रविवारी पहाटे आणि दुपारी अशा तीन वेळा कुंडाचे व जवळच्या नदीचे पाणी मोजायला लावा. नदीचा आकडा उन्हाबरोबर हलतो, कुंडाचा जवळजवळ हलत नाही. मग मुलांनाच विचारा, ही ऊब सूर्याची की जमिनीची? उत्तर त्यांच्याच वहीत असेल.

आता जपायचे ते. एका मुलाने कपडे काढून सरळ उडी घ्यायचा बेत केला होता. हाताला धरून थांबवावे लागले. अनोळखी कुंडात आधी तापमापक, मग बोट, मग पाय. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. भाजलेच, तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका, आणि डॉक्टर गाठा. कोमट कुंडातही डोके बुडवू देऊ नका. गोड्या कोमट पाण्यात क्वचित एक सूक्ष्म अमीबा असतो; तो नाकावाटे मेंदूत शिरला तर बहुधा प्राणावर बेतते. पाणी नाकात गेले नाही, तर ती भीती नाही. म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि हृदयविकार असलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे. त्वचेला बरे वाटते म्हणून लोक लांबून येतात. येऊ द्या, पण चालू औषध बंद करू नये, आणि उघडी जखम घेऊन सगळ्यांच्या पाण्यात शिरू नये.

कुंडात साबण लावू नका, कपडे धुऊ नका. पाणी आपल्याला ऊन होऊन मिळते, पण असते ते पावसाचेच. डोंगरावर जे मुरले तेच खाली आले. निघताना मी त्या मुलाला पुन्हा विचारले, "सापडला का रे बॉयलर?" त्याने पायाखाली बोट दाखवले आणि म्हणाला, "हो, पण पाणी मात्र वरूनच भरावं लागतं." दोन दिवसांत एवढे उमगले, तर सहलीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.