थांब्यापर्यंतची पावले

मधुमेह किंवा उच्च रक्तदाबाचे निदान झाले की बाह्यरुग्ण विभागात औषधांच्या चिठ्ठीसोबत एक सल्ला हमखास मिळतो : रोज अर्धा तास चाला. रुग्ण मान डोलावतो. महिन्याभराने तो पुन्हा येतो, तेव्हा गोळ्या बहुधा नियमित घेतलेल्या असतात; चालणे मात्र चार दिवसांत बंद पडलेले असते. कारणेही ठरलेली असतात. सकाळी डबा आणि मुलांची शाळा, संध्याकाळी घरी पोहोचायला आठ वाजतात, पावसाळ्यात मैदानात चिखल. यातले काही खोटे नसते. व्यायामासाठी वेगळा वेळ काढायचा म्हटले की दिवसातल्या प्रत्येक कामाशी भांडून तो मिळवावा लागतो. मग जे चालणे कामाच्या वाटेवरच घडते, त्याकडे उपचार म्हणून का पाहू नये? शहरातली साधी बस इथे उपयोगी पडते.

प्रश्न किती मोठा आहे, हे आकड्यांवरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, तर ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. पोटाचा घेर वाढलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार देशातील जवळपास निम्मे प्रौढ शरीराला आवश्यक तेवढीही हालचाल करत नाहीत. घरातून निघाले की दुचाकी, ऑफिसात खुर्ची, परतताना पुन्हा दुचाकी. गाडीचा हप्ता दिसतो, शरीराला बसणारा भुर्दंड दिसत नाही.

लंडनच्या दुमजली बसमधला धडा

शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो बसमध्येच. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे झटके वाढत होते आणि कारण उमगत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या बस सेवेतील हजारो पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. चालक आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच संस्थेत नोकरी करणारे. फरक एवढाच की चालक पाळीभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे देत दुमजली बसचा जिना दिवसातून शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता, झाला तरी उशिरा होत होता आणि झटक्यानंतर लगेच दगावण्याचे प्रमाणही चालकांपेक्षा बरेच कमी होते. हे निष्कर्ष १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि टेबलावर बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला.

यावर एक शंका रास्त होती. मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाची नोकरी निवडत असतील तर? मॉरिस यांनी तीही तपासली. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे मिळवली. चालकांच्या विजारींचा कंबरघेर खरोखरच जास्त होता. मात्र अंगकाठीचा हिशेब धरल्यानंतरही आजारातला फरक पूर्णपणे पुसला गेला नाही.

आता कोणी म्हणेल, प्रवासी काही कंडक्टर नसतो. जागा मिळाली की तोही चालकासारखा बसूनच जातो. अगदी बरोबर. प्रवाशाचा फायदा बसच्या आत होत नाही, तो बसच्या दोन्ही टोकांना होतो. घरापासून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून कामाच्या ठिकाणापर्यंत त्याला चालावेच लागते. अमेरिकेतील एका राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सार्वजनिक वाहतूक वापरणारी मध्यम व्यक्ती केवळ या जाण्या-येण्यात रोज १९ मिनिटे चालत असल्याचे दिसले. ब्रिटनमध्ये २०१४ च्या एका अभ्यासात बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्या पुरुषांचा ‘बीएमआय’, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांपेक्षा सुमारे एकने कमी होता. स्त्रियांमध्येही फरक त्याच दिशेचा, थोडा कमी होता. असे अभ्यास कारण ठामपणे सिद्ध करत नाहीत. पण चालण्याचे शरीरावरचे परिणाम इतर अनेक मार्गांनी माहीत असल्याने त्यांना वजन येते.

पाच-पाच मिनिटांचाही हिशेब

चालताना मांडीचे आणि पोटरीचे मोठे स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर पूर्ण अवलंबून राहावे लागत नाही. म्हणून जेवणानंतरचे थोडे चालणेही मधुमेहींना गुणकारी ठरते. न्याहारी करून थांब्यापर्यंत चालत जाणारा माणूस नकळत तेच करत असतो. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम हिशेबात धरला जात नसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही अट काढून टाकली. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी, ती तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालेल.

मुंबई, पुणे, नागपूर किंवा ठाण्यातल्या नोकरदाराचा साधा हिशेब मांडू. घरापासून थांबा ४०० मीटर आणि उतरल्यावर ऑफिसही तेवढ्याच अंतरावर. भरभर चालल्यास प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटे. जाता-येता मिळून चार टप्पे, म्हणजे २० मिनिटे. परतताना एक थांबा आधी उतरले तर आणखी पाचेक मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १५० मिनिटे पूर्ण होतात. ना पहाटेचा गजर, ना व्यायामशाळेची फी. गती एवढीच असावी की चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

धूर, रस्ता आणि तब्येत

थांब्यावर उभे राहून धूर खावा लागतो, ही तक्रार खरी आहे. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाचा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे बरेच वाईट असले, तरी चालण्याचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याखाली दबायला दिवसाला दहा तासांहून अधिक चालावे लागेल. दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांनी मात्र हवा फार खराब असलेल्या दिवशी डॉक्टरांचा सल्ला मानावा.

अपघातांचा हिशेबही मांडायला हवा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दुसरीकडे १९.५ टक्के पादचारी होते, हेही विसरता येत नाही. बसचा प्रवासी रस्ता ओलांडताना पादचारीच असतो. बस पकडण्यासाठी वाहनांमधून धावणे आणि चालत्या बसमध्ये चढणे, ही दोन धाडसे टाळलीच पाहिजेत. पुढची बस येईल.

काही रुग्णांनी थोडी तयारी ठेवावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. बस रखडली की जेवण लांबते आणि साखर घसरते. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी बंद, मऊ पादत्राणे वापरावीत आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना उन्हात बराच वेळ उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते. पाणी जवळ ठेवावे, शक्य तिथे बसावे. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळीमुळे अनेक ज्येष्ठ बसने जाणेच सोडतात. गोळी परस्पर बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी बस पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून उठू नये, कारण एका ब्रेकने खुब्याचे हाड मोडू शकते. आणि चालताना छातीत दाब येऊन थांबल्यावर तो जात असेल, तर आधी तपासणी, मग चालणे.

बस आली तरच

या सगळ्या हिशेबाला एक अट आहे : बस यायला हवी. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या निकषानुसार सार्वजनिक वाहतुकीची उत्तम पातळी म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे किमान ०.६ बस. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या मापाने शहराला साडेसात हजारांच्या आसपास बस हव्यात. ‘बेस्ट’चा प्रत्यक्ष ताफा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. मुंबईला निदान लोकलचा आधार आहे, इतर अनेक शहरांना तोही नाही.

पाऊण तास थांब्यावर ताटकळलेला माणूस तिसऱ्या दिवशी दुचाकीच्या दुकानात जातो. त्यात त्याचा दोष नाही. पण त्याचे रोजचे २० मिनिटांचे चालणे त्या दिवशी संपते आणि परत येत नाही. काही वर्षांनी तोच माणूस वाढलेली साखर घेऊन बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहतो. बसफेऱ्या कमी करून महापालिकेच्या खात्यात जी बचत दिसते, तिचा काही भाग अशा रीतीने रुग्णालयांच्या खर्चात येऊन पडतो. सलग पदपथ, थांब्यावर सावली आणि बसायला बाक, दर दहा मिनिटांनी बस या मागण्या वाहतुकीच्या आहेत, तितक्याच त्या सार्वजनिक आरोग्याच्याही आहेत.

गाडी विकून टाका, असे कोणाला सांगण्याची गरज नाही. रात्रपाळी, आजारी माणूस, लहान मूल अशा वेळी ती लागतेच. आठवड्यातले दोन दिवस ठरवून गाडीची किल्ली खुंटीवर ठेवावी आणि बसने जावे. जमले तर तीन दिवस, मग चार. ज्येष्ठांनी सवलतीच्या पासची चौकशी आगारात जरूर करावी. पास हाती असला की घराबाहेर पडणे वाढते आणि बाहेर पडणे वाढले की चालणेही वाढते. पुढच्या तपासणीला जाताना रक्ताच्या अहवालासोबत आठवड्यात किती दिवस बसने गेलो, तेही लिहून न्यावे. डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवताना त्या नोंदीचा उपयोग होईल.