तव्यावरील स्टेक

स्टेक म्हणजे स्नायूच्या धाग्यांना आडवा छेद देऊन कापलेला मांसाचा जाड, सपाट तुकडा. तो कडक तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात अल्पकाळ भाजणे ही घरगुती स्वयंपाकातील सर्वाधिक रूढ पद्धत आहे. युरोप व अमेरिकेत स्टेक मुख्यतः गोवंशाच्या मांसाचा असतो. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने येथे स्टेकसाठी सामान्यतः म्हशीचे मांस वापरले जाते.

रस कोंडला जातो काय?

मांस प्रथम प्रखर आचेवर भाजले की त्याची बाह्य छिद्रे बंद होऊन रस आत कोंडला जातो, असा समज दीर्घकाळ रूढ आहे. त्याचे मूळ जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ साली मांडलेल्या विचारांत सापडते. बाहेरील प्रथिने उष्णतेने गोठून कवच तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्यासमोर उदाहरण मात्र प्रामुख्याने उकळत्या पाण्यात टाकलेल्या मांसाचे होते. पाकपुस्तकांनी हे मत उचलून धरले. प्रयोगांनी ते खोडून काढले असून, अमेरिकन लेखक हॅरल्ड मॅगी यांच्या १९८४ मधील 'ऑन फूड अँड कुकिंग' या ग्रंथाने ते खंडन सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचवले. वस्तुतः तव्यावर अखेरपर्यंत येणारा चरचर आवाज हाच रस बाहेर पडून त्याची वाफ होत असल्याचा पुरावा होय.

तरीही भाजणे व्यर्थ नाही. खरपूस चव व तपकिरी रंग यांचे श्रेय माय्यार अभिक्रियेला जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या या अभिक्रियेत अमिनो आम्ले व शर्करा यांच्या संयोगातून असंख्य गंधद्रव्ये निर्माण होतात. ती साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे वेगाने घडते. पृष्ठभाग ओला असेल तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते आणि मांस भाजण्याऐवजी वाफवले जाते. म्हणूनच तुकडा कोरडा टिपून घेणे ही या कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. मसाल्यांचा क्रमांक त्यानंतरचा.

कृती

पाठीकडील मऊ भागाचा, सुमारे तीन सेंटीमीटर जाडीचा तुकडा योग्य ठरतो. पाय व खांदा यांच्या मांसातील संयोजी ऊती मंद आचेवर दीर्घकाळ शिजवल्यावरच मऊ होतात. असे मांस रश्श्यासाठी राखावे. मीठ लावून किमान पाऊण तास ठेवल्यास सुटलेले पाणी बऱ्याच अंशी पुन्हा आत शोषले जाते. तेवढा वेळ नसल्यास मीठ भाजण्याच्या अगदी आधी लावावे. मधल्या काळात पृष्ठभाग सर्वाधिक ओला असतो.

बिडाचा जाड तवा उत्तम, कारण थंड मांस पडल्यावरही त्याची उष्णता टिकून राहते. न चिकटणारा लेप दिलेला तवा इतक्या आचेसाठी योग्य नाही. तव्यात गर्दी करू नये. तुकडा एकदाच उलटावा असा दंडक सांगितला जातो. प्रत्यक्षात दर अर्ध्या-एक मिनिटाने उलटल्यास तो अधिक समप्रमाणात शिजतो. लोणी लवकर करपत असल्याने ते शेवटी घालतात.

घड्याळापेक्षा तापमापक अधिक विश्वसनीय असतो. मध्यभागी ५० अंशांच्या सुमारास मांस लाल व मऊसर, ६० अंशांना गुलाबी, तर ७० अंशांच्या पुढे करडे व कोरडे होते. आचेवरून उतरवल्यानंतरही आतील तापमान काही अंश वाढत राहते, त्यामुळे ते थोडे आधीच उतरवावे. ताटलीत उतरणारा लाल द्रव रक्त नसून मायोग्लोबिन या प्रथिनाने रंगलेले पाणी असते.

सुरक्षितता

अखंड तुकड्यात जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात व तेथे ते भाजताना नष्ट होतात. खिम्यात ते सर्वत्र मिसळलेले असल्याने तो आतून कच्चा ठेवणे धोक्याचे असते. अमेरिकेच्या कृषी विभागाने अखंड तुकड्यासाठी ६३ अंश व त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती, तर खिम्यासाठी ७१ अंश ही मर्यादा सांगितली आहे. गर्भवती, लहान मुले व वृद्ध यांना लालसर स्टेक देऊ नये.