वेळापूरची खासदारकी : पंढरपूरपासून माढ्यापर्यंत

माळशिरस तालुक्यातले वेळापूर 2009 पूर्वी लोकसभेच्या पंढरपूर मतदारसंघात होते; त्यानंतर ते माढा मतदारसंघात आहे. अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन मंदिर आणि ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचा मुक्काम ही गावाची बाहेर माहीत असलेली ओळख. मतदार म्हणून या गावाने आपल्या खासदारापुढे मांडलेले प्रश्न मात्र प्रामुख्याने चार आहेत : नीरेचे पाणी, उसाचा दर, पालखीमार्ग आणि रेल्वे. यांतले सगळे प्रश्न दिल्लीच्या अखत्यारीत येत नाहीत. कोणत्या कामात खासदाराचा हात कुठवर पोहोचला, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरत आले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सोलापूर हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तेथून शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. पुढे द्विसदस्य पद्धत बंद झाली आणि 1962 मध्ये अनुसूचित जातींसाठी राखीव असा पंढरपूर मतदारसंघ अस्तित्वात आला. त्याचे सर्वांत दीर्घकाळ प्रतिनिधित्व काँग्रेसचे संदिपान थोरात यांनी केले. 1977 ते 1998 या काळात ते सात वेळा निवडून आले. आणीबाणीनंतरच्या ज्या निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रातही मोठा फटका बसला, तीतही ही जागा त्यांनी राखली. 1999 आणि 2004 मध्ये येथून रामदास आठवले लोकसभेत गेले.

त्या काळात तालुक्यातल्या माणसाचे गाऱ्हाणे आधी अकलूजला जाई. तेथे शंकरराव मोहिते पाटील यांनी सहकारी साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था उभ्या केल्या, पुढे विजयसिंह मोहिते पाटील राज्यात मंत्री झाले. कालव्याचे आवर्तन, कारखान्याचे सभासदत्व, रस्ता, शाळा ही कामे मुंबईत किंवा जिल्ह्यातच निकालात निघत. त्यामुळे खासदाराकडे थेट जाण्याची सवय गावाला फारशी लागली नाही. 23 डिसेंबर 1993 रोजी सुरू झालेल्या खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेने त्यात थोडा बदल केला. खासदाराने कामे सुचवायची आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती करून घ्यायची, अशी तिची रचना आहे. 1998-99 पासून वर्षाला 2 कोटी आणि 2011-12 पासून 5 कोटी रुपये मिळू लागले. सहा विधानसभा क्षेत्रांत वाटली की ही रक्कम एका गावाच्या वाट्याला सभामंडप किंवा जोडरस्त्यापुरतीच उरते. तरी खासदाराच्या नावाची पाटी गावात लागू लागली ती या योजनेमुळे. कोरोनाच्या साथीत, एप्रिल 2020 मध्ये हा निधी थांबवला गेला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाला.

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेने चित्र उलटे केले. पंढरपूर मतदारसंघ संपला. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस या सोलापूर जिल्ह्यातल्या आणि फलटण, माण या सातारा जिल्ह्यातल्या विधानसभा क्षेत्रांचा मिळून खुला माढा मतदारसंघ झाला, तर माळशिरस विधानसभा राखीव झाली. नीरेच्या उजव्या कालव्याखालचे फलटण आणि माळशिरस हे दोन तालुके प्रथमच एका खासदाराच्या हाताखाली आले. या बदलाचे महत्त्व त्या वेळी पुरेसे ओळखले गेले नाही. पाण्याच्या भांडणात ते दहा वर्षांनी कळले.

नव्या मतदारसंघाचे पहिले खासदार शरद पवार. 2009 मध्ये त्यांनी सुभाष देशमुख यांचा तीन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. ते केंद्रीय कृषिमंत्री होते आणि 2011 पर्यंत अन्न व नागरी पुरवठा खातेही त्यांच्याकडे होते, म्हणजे साखरेचे धोरण वेळापूरच्याच खासदाराच्या हातात होते. 2009 मध्येच ऊस नियंत्रण आदेशात बदल होऊन किमान वैधानिक किमतीच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला. 2009-10 साठी तो 9.5 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 129.84 रुपये ठरला. मंत्री असलेला खासदार संसदेत प्रश्न विचारू शकत नाही. त्यालाच उत्तरे द्यावी लागतात. मतदाराच्या दृष्टीने या सोयीला दुसरी बाजूही होती. दराबद्दलची नाराजी सभागृहात मांडायला घरचा माणूस उरला नाही आणि ती ऊसपट्ट्यातल्या आंदोलनांतून रस्त्यावर आली. 2014 मध्ये पवार राज्यसभेत गेले आणि माढ्यातून विजयसिंह मोहिते पाटील उभे राहिले. समोर स्वाभिमानी पक्षाचे सदाभाऊ खोत होते, तालुक्याबाहेरचे, पण ऊसदराच्या लढ्यातून आलेले. मोहिते पाटील सुमारे 25 हजार मतांनीच निवडून आले. आधीच्या मताधिक्याशी तुलना केली तर त्या आकड्यात मोदी लाटेइतकाच उसाच्या दराचाही वाटा दिसतो.

पाण्याचा प्रश्न सर्वांत जुना आणि खासदारासाठी सर्वांत अवघड, कारण राज्यघटनेने पाणी राज्याच्या सूचीत ठेवले आहे. नीरा खोऱ्यात भाटघर, वीर, नीरा देवघर आणि गुंजवणी ही धरणे आहेत. डावा कालवा बारामती, इंदापूरकडे जातो. उजवा फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोल्याकडे. नीरा देवघरचे स्वतःचे कालवे अपुरे राहिल्याने तिथले पाणी शिल्लक राही आणि करारान्वये ते डाव्या कालव्याकडे जास्त वळवले जाई. हा करार 2017 मध्ये संपला, पण वाटप तसेच चालू राहिले. 2019 मध्ये भाजपचे रणजितसिंह नाईक निंबाळकर निवडून आले. ते फलटणचे, म्हणजे उजव्या कालव्यावरचेच. निकालानंतर काही आठवड्यांतच, जून 2019 मध्ये, राज्य सरकारने हे पाणी उजव्या कालव्याला देण्याचा आदेश काढला. सरकार बदलल्यावर फेब्रुवारी 2020 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने डाव्या कालव्याला 55 आणि उजव्याला 45 टक्के असे वाटप ठरवले. खासदार तोच होता, प्रश्न तोच होता, मुंबईतले सरकार तेवढे बदलले होते. शेतकऱ्याच्या चारीला येणारे पाणी असे सरकारागणिक कमीजास्त व्हावे, हे दुःखद आहे. टिकाऊ उपाय म्हणजे नीरा देवघरचे कालवे पुरे करणे. 2023 मध्ये या प्रकल्पाला सुमारे 3,976 कोटी रुपयांची सुधारित मान्यता मिळाली, तेव्हा त्या दिशेने खरे पाऊल पडले.

रस्त्याचे तसे नाही. राष्ट्रीय महामार्ग पूर्णपणे केंद्राचा. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी केली. ज्ञानेश्वर पालखीमार्गाचा दिवेघाट ते मोहोळ हा सुमारे 221 किलोमीटरचा भाग वेळापुरावरून जातो. तुकाराम पालखीमार्गाचा पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे 130 किलोमीटरचा भाग वेळापूरच्या पुढे त्याला येऊन मिळतो. वारकऱ्यांसाठी कडेने वेगळी पायवाट हे त्याचे वैशिष्ट्य. आषाढात लाखो माणसे ज्या वाटेने चालतात, तिथे चालणाऱ्याला वाहनांपासून जपणारी वाट हवीच होती. अशा कामात खासदाराचे खरे काम पायाभरणीनंतर सुरू होते : संपादित जमिनीचा मोबदला, शेताला जायला भुयारी मार्ग, गावालगतचा सेवारस्ता, पाण्याचा निचरा. यांसाठी महामार्ग प्राधिकरण, भूसंपादन अधिकारी आणि दिल्लीतले मंत्रालय अशा तिन्ही दारांत जावे लागते. शेतकरी एकटा पहिल्या दारातच थकतो.

रेल्वेचे स्वप्न ब्रिटिश काळातले. सुमारे 105 किलोमीटरच्या फलटण-पंढरपूर मार्गाची मागणी तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आली. मार्च 2021 मध्ये फलटण-पुणे गाडी सुरू झाली आणि पुढच्या टप्प्याची मागणी लोकसभेत नेटाने मांडली गेली. अशा वेळी सदस्याच्या हाती साधने असतात ती मोजकीच : प्रश्नोत्तराच्या तासातला तारांकित प्रश्न, लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्न, शून्य प्रहर आणि नियम 377. दिवसाला तारांकित प्रश्न फक्त 20 घेतले जातात आणि त्यांतलेही सगळे तोंडी उत्तरापर्यंत पोहोचत नाहीत. अतारांकित प्रश्नाला बातमीत जागा मिळत नाही, पण मंत्रालयाला लेखी बांधून घेण्याचे काम तोच करतो.

धनगर समाजाला अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, ही या चार प्रश्नांपलीकडची माळशिरस, माण, सांगोल्यातली मागणी तर थेट संसदेच्याच कक्षेत येते, कारण जमातींच्या यादीत बदल फक्त संसद करू शकते. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या संदर्भातल्या याचिका फेटाळल्या. त्यानंतर कायदेमंडळाचा मार्गच उरला आणि या मतदारसंघाच्या कोणत्याही खासदाराला तो टाळता येणार नाही.

2024 च्या निवडणुकीत धैर्यशील मोहिते पाटील भाजप सोडून राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार पक्षाकडून उभे राहिले आणि त्यांनी नाईक निंबाळकरांचा 1 लाख 20 हजारांवर मतांनी पराभव केला. खासदारकी फलटणहून पुन्हा अकलूजला, वेळापूरच्या शेजारी आली. खासदार मात्र केंद्रात आणि राज्यात विरोधी बाकावरचा झाला. कालव्यापुरते बोलायचे तर गावासाठी या दुसऱ्या गोष्टीचे वजन अधिक आहे. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर आधारित पुनर्रचना झाली की सीमा आणि आरक्षण दोन्ही पुन्हा ठरतील. त्या वेळी नीरा उजव्या कालव्याचे तालुके एकत्र ठेवायचे की तोडायचे, याबाबत वेळापूरच्या ग्रामसभेला पुनर्रचना आयोगापुढे हरकती व सूचना मांडता येतील.