डॉक्टरांची कायदेशीर जबाबदारी आणि कोरकूतला एक प्रश्न

मनोरुग्ण म्हटला की आपल्याला नागपूरचे मनोरुग्णालय आठवते. पण मेळघाटातल्या एखाद्या गावात चार रात्री न झोपलेला तरुण जंगलाकडे पळत सुटला, तर त्याला पहिला डॉक्टर भेटतो तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (लागू २९ मे २०१८) सरकारी दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजारांवरील प्राथमिक व तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक केले आहे.

जबाबदारी लहान नाही. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची वाट न पाहता कोणताही नोंदणीकृत डॉक्टर उपचार सुरू करू शकतो. रुग्णाचा प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घ्यायची. हा अधिकार जास्तीत जास्त ७२ तासांचा. त्याआधी मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी झाली तर तिथेच संपतो. भटकणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी आणले तर त्याच्या तपासणीची व्यवस्था वैद्यकीय अधिकाऱ्यानेच करायची. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. आणि साखळदंड? ते तर कायद्याने कुठेच चालत नाहीत, घरच्यांनी कितीही विनवले तरी.

कलमे पाठ होतात. अवघड जाते ते रुग्णाची निर्णयक्षमता ठरवणे. उपचारांची माहिती त्याला समजते का, होकार-नकाराचे परिणाम कळतात का, आपला निर्णय तो बोलून किंवा खुणेने सांगू शकतो का, हे डॉक्टरने पाहायचे असते. माहिती रुग्णाला कळेल अशा सोप्या भाषेत द्यावी, असेही कायदा सांगतो. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नव्हे, ती मुंडा कुळातली. मराठीतल्या प्रश्नावर गप्प बसलेल्या बाईच्या केसपेपरवर ‘समजत नाही’ असे लिहिले गेले, तर न समजणारे नक्की कोण? दुभाषा म्हणून बहुधा नवरा किंवा दीर उभा असतो, आणि कधी कधी तिला दाखल करण्याची घाई त्यालाच असते. आधी भूमकाकडे जाते म्हणाली, एवढ्यावरून तिची निर्णयक्षमता गेली असे ठरत नाही. निर्णय इतरांना चुकीचा वाटणे हा कायद्याने पुरावा नाही.

म्हणून आमच्या मते प्रशिक्षणात व्याख्यानांपेक्षा सरावाला जास्त वेळ हवा: घरच्यांना बाहेर थांबवून, आशाताईंना सोबत घेऊन बोलणे आणि “मी काय सांगितले ते तुझ्या शब्दांत सांग बरं” असे विचारून पाहणे. बेंगळुरूच्या निमहान्ससारख्या संस्था डॉक्टरांना ऑनलाइन शिकवतात, ते उपयोगाचेच आहे. पण कोरकूतला प्रश्न तिथून येणार नाही. शिवाय बंधपत्रावरचे डॉक्टर वर्षभरात जातात आणि शिकलेले त्यांच्याबरोबर जाते. परिचारिका व आशाताई गावातच राहतात. त्यांनाही त्याच वर्गात बसवावे.

रुग्णासोबत जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आधीची औषधे, जुने केसपेपर आणि शक्यतो घराबाहेरची कोरकू जाणणारी एक व्यक्ती बरोबर न्यावी. वाटेत सल्ला लागला तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.