तव्यावर नाच, नूडल्सना उसळी

गरमागरम धिरडं ताटात येतं आणि त्याच्यावर काहीतरी हलतंय! गुलाबी-तपकिरी, पातळ पातळ सालपटं. एक उभं राहतं, दुसरं कमरेत वाकतं, तिसरं हळूच कलंडतं. पंखा बंद आहे, फुंकर कोणी मारलेली नाही. जपानच्या ओसाका शहरात ओकोनोमियाकी नावाचं हे धिरडं पहिल्यांदाच खायला बसलेला माणूस हे बघतो आणि घास घ्यायचाच विसरतो.

ही सालपटं माशाची. कुपा जातीचा मासा शिजवतात, मग धुरावर पुन्हा पुन्हा धरून वाळवतात. उत्तम प्रतीला काही महिने लागतात. शेवटी त्याचा असा ठोकळा होतो की दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर लाकडावर लाकूड आपटल्यासारखा टणत्कार होतो. नाव कात्सुओबुशी. त्याला सुरी लागत नाही, सुताराच्या रंध्यासारखं पातं बसवलेल्या पेटीवर तो घासतात. तेव्हा ही कागदाहून तलम सालपटं निघतात.

मग ती नाचतात कशी? खालून वाफ येते. सालपटाची वाफेकडची बाजू ओलावा पिऊन फुगते, वरची कोरडीच राहते. एक बाजू लांब, दुसरी आखूड, म्हणून सालपट वाकतं. वाकलं की दुसऱ्या जागी वाफ लागते, आधीची जागा सुकते, पुन्हा वळण बदलतं. वाफ संपली की नाच संपला. घरी पाहायचाय? ट्रेसिंग पेपरचा बोटभर तुकडा ताटलीतल्या पाण्यावर अलगद ठेवा. बघता बघता त्याच्या कडा वर वळतील. खालची बाजू भिजली, वरची नाही, एवढंच!

‘ओकोनोमी’ म्हणजे आवडेल ते आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. नावातच मुभा आहे, म्हणून मला हा पदार्थ घरी करायला फार आवडतो. एखादा जिन्नस मिळाला नाही तर तो तिथे काय काम करतो ते आधी विचारायचं. ओसाकाच्या पिठात नागाइमो नावाचा कंद किसून घालतात. आपल्या कोनफळाचाच हा भाऊबंद. त्याचा चिकट कीस हवा धरून ठेवतो आणि धिरडं आतून मऊ, हलकं राहतं. आपल्याकडे हेच काम फेटलेलं अंडं आणि चिमूटभर बेकिंग पावडर बऱ्यापैकी करतात. आणि सॉस? हिरोशिमाच्या प्रसिद्ध ओताफुकू सॉसमध्ये चक्क खजूर असतो! तेव्हा वाटलेला खजूर, टोमॅटो केचप आणि थोडा सोया सॉस एकत्र करा, आंबटगोड चव बरीच जवळ जाते.

हिरोशिमाची तऱ्हा मात्र निराळी. ६ ऑगस्ट १९४५ रोजी या शहरावर अणुबाँब पडला. शहर बेचिराख झालं, तांदूळ मिळेना. त्या दिवसांत गव्हाच्या पिठाच्या पातळ घावनावर भाजी घालून भाजलेल्या साध्या खाण्याने लोकांची भूक भागवली. पुढे त्यावर एकेक थर चढत गेला. आज तिथे तव्यावर आधी घावन पसरतात, त्यावर चिरलेल्या कोबीचा डोंगर रचतात आणि सगळं एका झटक्यात उलटतात. आता कोबी घावनाखाली झाकला जातो. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे तो स्वतःच्याच वाफेवर शिजतो आणि डोंगराची टेकडी होते. मग येतात नूडल्स आणि अंडं.

या नूडल्स नीट बघा. पिवळ्याधमक, आणि चावताना दाताखाली उसळी मारणाऱ्या. तुम्हाला वाटेल अंडं घातलं असेल. पण अंड्याशिवायही त्या अशाच होतात! कमाल आहे कान्सुईची. कान्सुई म्हणजे क्षाराचं पाणी. त्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट असतं. आपला पापडखारही याच घराण्यातला! गव्हाच्या पिठात काही रंगद्रव्यं असतात, ती एरवी दिसत नाहीत, पण क्षार लागला की पिवळी होतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसंच. शिवाय क्षारामुळे पिठातल्या ग्लुटेन या प्रथिनाची जाळी घट्ट विणली जाते, म्हणून नूडल्स गरम रश्शातही चटकन लिबलिबीत होत नाहीत. दोन वाट्यांत थोडी कणीक घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पापडखाराचं पाणी घालून कालवा आणि रंग शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता खरी गंमत. घरात बारीक स्पॅगेटी आणि खाण्याचा सोडा असेल तर रामेन या रश्शातल्या जपानी पदार्थात असतात तशा नूडल्स करता येतात. मोठ्या माणसाला सोबत घ्या. मोठ्या पातेल्यात एक लिटर पाणी आणि दोन छोटे चमचे सोडा घालून उकळा. सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि उरतं ते सोडियम कार्बोनेट, म्हणजे कान्सुईतलाच क्षार! स्पॅगेटी सोडली की फेस भराभर वर येतो, तेव्हा पातेलं अर्धं रिकामं हवं आणि आच लगेच मंद करायला हवी. शिजताना वासही बदलतो. रामेनच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा थोडा क्षाराचा वास.

पाण्यात वेगळं मीठ घालू नका, सोडा मुळात खारट असतो. आणि शिजलेल्या नूडल्स चाळणीत ओतून साध्या पाण्याने नक्की धुवा, नाहीतर तोंडात साबणासारखी चव रेंगाळेल.