रोग येऊन गेल्यानंतरचे मत्स्यपात्र : निर्जंतुकीकरण आणि पुनरारंभ

कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माशांचे काय काम, असा प्रश्न दिल्लीत भेटीस येणारे महाराष्ट्रातील शेतकरी हमखास विचारतात. उत्तर एका शब्दात देता येते : डास. गप्पी मासा १९१० च्या सुमारास भारतात आला, गॅम्बुशिया १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला, आणि तेव्हापासून डासांच्या अळ्या खाणारे हे दोन्ही मासे हिवताप नियंत्रणाच्या कामी येत आहेत. आपल्याकडील गप्पी मासे पैदास केंद्रे विस्तार कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहेतच. गॅम्बुशिया देशी माशांच्या अंड्यांवर व पिल्लांवरही ताव मारतो, म्हणून मी गप्पीच सांभाळतो. खोलीच्या कोपऱ्यात शंभर लिटरची एक काचेची टाकी, एवढाच तो पसारा.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत या टाकीत नवे वाण म्हणून बाहेरून दहा मासे आणले आणि विलगीकरणात न ठेवता थेट सोडले. चूक सर्वस्वी माझी होती. आठवडाभरात माशांच्या शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले; मासे दगडांना अंग घासू लागले, आणि पंधरवड्यात बहुतेक सर्व गेले. टाकी धुऊन चार दिवसांत नवे मासे सोडले. तेही त्याच ठिपक्यांनी गेले. मग हट्टाने टाकी, वाळू, गाळणीतील स्पंज, सारे ब्लीचने धुतले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा मासे सोडले. या वेळी एकही ठिपका नव्हता, तरी मासे पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत मेले. पहिल्यांदा रोगाने मारले, दुसऱ्यांदा घाईच्या स्वच्छतेने. या दोन अपयशांची कारणे वेगळी आहेत आणि ती समजून घेतल्याखेरीज पुनरारंभ करू नये.

पांढरे ठिपके पाडणारा इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी आहे. माशाच्या त्वचेखाली तो पोसला जातो, पूर्ण वाढल्यावर गळून तळाशी, वाळूत किंवा स्पंजात चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभाजन होऊन शेकडो पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. या पिल्लांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. पिकावरील किडीच्या कोशावस्थेची आठवण व्हावी, असेच हे चक्र आहे : औषध लागू पडते ते मुख्यतः पोहणाऱ्या अवस्थेवर, त्वचेखाली वा कवचात दडलेल्यावर नव्हे. २४ ते २६ अंश सेल्सियस तापमानात हे चक्र तीन ते सहा दिवसांत पूर्ण होते; पाणी १५ अंशांच्या आसपास असेल तर दहा दिवस वा अधिक, आणि त्याहून थंड पाण्यात कित्येक आठवडे. दिल्लीच्या जानेवारीत हीटर बंद पडलेल्या टाकीत चार दिवसांची विश्रांती म्हणजे परजीवीला काहीच नव्हते.

म्हणून पहिला प्रश्न ब्लीच कोणते, हा नसून रोग कोणता, हा आहे. केवळ पांढरे ठिपके असतील, तर टाकीतील सर्व मासे काढून पाणी २५ ते २८ अंशांवर दोन आठवडे निर्मत्स्य चालू ठेवावे. यजमानाविना परजीवी उपाशी मरतो आणि गाळणीतील उपयुक्त जिवाणू वाचतात. पीक फेरपालटाचे तत्त्वच हे. मात्र त्या काळात जिवाणूंना अमोनियाचा खुराक मिळत राहिला पाहिजे.

माशांवर चपट्या, पारदर्शक उवा दिसल्या, तर त्या आर्ग्युलस होत. हा कीटक नव्हे, कवचधारी प्राणी. पण संधिपाद कुळातील असल्याने आमचा दूरचा नातलग म्हणता येईल. रोहूसारख्या माशांच्या तळ्यांतही तो उपद्रव देतो. याची मादी काच व दगड यांवर ओळीने अंडी चिकटवते. ती पाण्याने धुऊन जात नाहीत, पात्याने खरवडावी लागतात. किडींची कात टाकण्याची क्रिया रोखणारे डायफ्लुबेन्झुरॉन आर्ग्युलसवरही काम करते, हे खरे; पण तेच औषध पाण्यातील इतर कवचधारींना व कीटकांनाही मारते. रिकामी टाकी खरवडून उन्हात कोरडी करता येत असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर : मासे महिनोन्महिने खंगत जाणे, पाठ वाकडी होणे, अंगावर न भरणाऱ्या जखमा. अशा वेळी मायकोबॅक्टेरियमचा संशय घ्यावा. हा जिवाणू हाताच्या ओरखड्यातून माणसाच्या त्वचेतही शिरतो व चिवट गाठी उठवतो. रबरी हातमोजे अनिवार्य. त्याच्या मेणचट आवरणामुळे क्लोरीनवर विसंबता येत नाही. वाळू, लाकूड, स्पंज, वनस्पती टाकून द्याव्यात आणि घासून धुतलेली काच ७० टक्के अल्कोहोलने भिजती ठेवून पुसावी. जवळपास ज्योत नसावी, हे सांगायला नकोच.

रोगाचे निदान झालेच नसेल, तर संपूर्ण निर्जंतुकीकरण करावे. त्यातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे आधीची साफसफाई. शेवाळ, विष्ठा, उरलेले खाद्य यांवरच क्लोरीन खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोहोचत नाही. दिल्ली परिसरातील जड पाण्यामुळे काचेवर चुन्याचा पांढरा थर बसतो. त्याच्या आडोशाला जंतू सुरक्षित राहतात. हा थर व्हिनेगरने काढावा आणि टाकी भरपूर पाण्याने धुऊन मगच ब्लीच हाताळावे. आम्ल आणि ब्लीच एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रमाणाचे गणित साधे आहे. प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम क्लोरीन व किमान एक तास संपर्क हवा. बाटलीवर ४ टक्के उपलब्ध क्लोरीन लिहिलेले असेल, तर लिटरला ५ मिलिलिटर, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला अर्धा लिटर सोडियम हायपोक्लोराइट लागेल. उन्हाळ्यात घरात पडून राहिलेल्या बाटलीचे बळ घटते; ताजीच घ्यावी. जाळ्या, नळ्या, बादल्या त्याच पाण्यात बुडवाव्यात. नंतर पाणी काढून, दोन-तीनदा धुऊन, सर्व काही कडक उन्हात खडखडीत वाळवावे. ब्लीचचे पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवूनच निचरा करावा आणि कोणत्याही परिस्थितीत तळ्यात वा ओढ्यात सोडू नये. मेलेले मासे जलस्रोतापासून दूर, चुना टाकून पुरावेत.

आता दुसऱ्या अपयशाकडे. ब्लीचने जंतूंबरोबर गाळणीतील अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणूही मारले होते. ही वसाहत पुन्हा वसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिक. टाकीत अमोनियम क्लोराइडने लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया ठेवून मासे न सोडता गाळणी चालू ठेवावी. चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले आणि दिलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊ लागला की टाकी तयार झाली.

दिल्लीत आणखी एक गुंता आहे. हिवाळ्यात यमुनेतील अमोनिया वाढतो आणि वझिराबाद, चंद्रावळ येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन अनेकदा घटवावे लागते. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन मिसळला की क्लोरामाइन तयार होते. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जाते, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला क्लोरामाइनला लागू पडत नाही. सोडियम थायोसल्फेट वापरावे लागते, आणि त्यातून सुटणारा अमोनिया सामूच्या वाढीबरोबर अधिक विषारी ठरतो. येथील जड पाण्याचा सामू बहुधा आठच्या घरात असतो. नळाच्या पाण्याचीही चाचणी करावी, ती याच कारणासाठी.

प्रथम दोन-तीनच मासे सोडावेत आणि नव्याने येणारा प्रत्येक मासा वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने, चार आठवडे पारखावा.

त्या जानेवारीची एक गोष्ट सांगायची राहिली. ठिपके दिसण्याच्या आदल्याच दिवशी झज्जर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला याच टाकीतील वीस गप्पी डासांसाठी दिले होते. त्याच्याकडे रोहू-कटल्याचे तळे होते. फोन करताना हात कापत होता. सुदैवाने त्याने ते गुरांच्या हौदात सोडले होते. हौद रिकामा करून, घासून, उन्हात वाळवायला सांगितले, आणि तळ्यावर नेलेली बादली-जाळीही. एप्रिलमध्ये त्याला पुन्हा मासे द्यायला गेलो, तेव्हा त्याने पिशवी हातात घेण्याआधी विचारले, “डॉक्टरसाहेब, हे किती दिवस वेगळे ठेवले होते?”